गडगडाटाला घाबरणारा कुत्रा

ढगांच्या गडगडाटाची भीती कुत्र्यांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. वागणुकीच्या सगळ्या तक्रारींत मोठ्या आवाजाला बिथरणे ही तक्रार पहिल्या क्रमांकावर निघाली आणि जवळजवळ एक तृतीयांश कुत्र्यांमध्ये ती होती. हा कुत्र्याचा भित्रेपणा नव्हे, हट्ट नव्हे आणि वाईट सवयही नव्हे. शरीर आणि मेंदू दोन्ही ढवळून काढणारा तो खराखुरा त्रास आहे, आणि योग्य उपायांनी तो बराच कमी करता येतो.

बीड जिल्ह्यात हा त्रास कधी डोके वर काढणार, हे आभाळाच्या वेळापत्रकावरून आधीच सांगता येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारनंतर बालाघाटाच्या रांगांवर ढग चढू लागतात आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस धूळ, वावटळ आणि विजा घेऊन कोसळतो. मृगाच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, हेच पुन्हा घडते. जुलै-ऑगस्टमध्ये रिमझिम किंवा उघडीप असते, गडगडाट त्यामानाने कमी. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते आणि परतीचा पाऊस पुन्हा विजांसह येतो. मध्येच अवकाळीचा तडाखा बसतो तो वेगळाच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपून काढणारी गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. या सगळ्यात नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने बहुधा शांत जातात. कुत्र्याची भीती कमी करण्याचे खरे काम याच महिन्यांत करायचे असते.

भीतीच्या खुणा

पहिली खूण आवाजाच्याही आधी दिसते. माणसाला आभाळ नुसते काळवंडलेले दिसत असते, तेवढ्यात अंगणात पहुडलेला कुत्रा उठून उभा राहतो. कान मागे पडतात, शेपटी पोटाखाली जाते. तो पुन्हापुन्हा ओठ चाटतो, जांभया देतो, घरातल्या माणसाच्या पायात पायात करतो. हवेत गारवा आलेला असतानाही धापा टाकतो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते. समोर टाकलेली भाकरी तो हुंगतही नाही. गडगडाट जवळ आला की बाजेखालची जागा, न्हाणीचा कोपरा किंवा पोत्यांच्या थप्पीमागची फट गाठतो. तशी जागा मिळाली नाही तर दार ओरबाडतो, साखळीला हिसडे देतो, जागच्या जागी लघवी करतो. सुटलाच तर वाट फुटेल तिकडे धावत सुटतो.

प्रत्येक कुत्र्याची तऱ्हा वेगळी असते. एखादा नुसता कान टवकारून पुन्हा झोपी जातो. त्याला उपचाराची गरज नसते. एखादा माणसाजवळ येऊन बसतो आणि पाऊस थांबताच खेळायला लागतो. त्याला थोडा आधार पुरतो. पण ज्याला आभाळ भरून आल्याच्या नुसत्या चाहुलीने कापरे भरते, जो वादळ सरल्यावरही तासन्‌तास सावरत नाही किंवा स्वतःला जखमी करून घेतो, त्याची भीती आजाराच्या पातळीला गेलेली असते. अशा कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यायलाच हवे.

कुत्र्याला काय काय जाणवते

वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापलेली हवा स्फोटासारखी फुगते आणि त्या धक्क्याचा आवाज म्हणजे गडगडाट. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० हर्ट्‌झ किंवा त्याहूनही वरचे. माणसाच्या कानाला न लागणारे कित्येक बारीक आवाजही त्याला सहज ऐकू येतात.

शिवाय वादळ म्हणजे नुसता आवाज नसतो. हवेचा दाब उतरतो, वारा फिरतो, उजेड एकाएकी कमी होतो, ओल्या मातीचा वास दुरून येतो आणि हवेतला विद्युतभार बदलतो. कुत्रा या गोष्टींची सांगड गडगडाटाशी घालतो. दोन-तीन वादळांनंतर त्याला नुसता वारा सुटला तरी पुढचे सगळे आठवते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर पावसाच्या पहिल्या थेंबांचा ताडताड आवाजही धोक्याची घंटा ठरतो. म्हणूनच ही भीती आपोआप कमी होण्याऐवजी वर्षागणिक वाढत जाते. ज्या कुत्र्याला गडगडाट सोसत नाही, त्याला दिवाळीचे फटाके आणि लग्नसराईतला डीजेही बहुधा सोसत नाही.

शरीरावर होणारा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्या घरीच वादळाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण दोनशे टक्क्यांहून अधिक वाढले आणि ४० मिनिटांनंतरही ते मूळ पातळीवर आले नाही. ज्या घरांत एकाहून अधिक कुत्री होती, तिथली कुत्री त्यामानाने लवकर सावरली.

भीतीची मुळे कधी रक्तात असतात, कधी पिल्लूपणात. आयुष्याच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्या पिल्लाच्या कानावर नाना तऱ्हेचे आवाज हळूहळू पडले, ते पुढे कमी बिचकते. याउलट एखाद्या जवळच पडलेल्या विजेने किंवा शेपटीजवळ फुटलेल्या फटाक्याने जन्मभराची धास्ती बसू शकते. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे दुखणे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचे दोन गट तपासले. ज्यांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते, त्यांच्यात ही भीती बऱ्याच मोठ्या वयात सुरू झालेली आढळली. दचकताना अंग आखडते, आखडलेले अंग दुखते, आणि कुत्रा त्या दुखण्याचा संबंध आवाजाशी जोडतो. म्हणून आजवर निर्धास्त असलेला सहा-सात वर्षांचा कुत्रा अचानक गडगडाटाला घाबरू लागला, तर आधी त्याचे सांधे तपासून घ्यावेत.

वादळ आले असताना

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्याला साखळीतून सोडवून घरात घेणे. बीड जिल्ह्यात शेतातल्या वस्तीवर, आखाड्यावर राखणीचा कुत्रा लिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याला बांधलेला असतो. वीज उंच झाडावर पडण्याचा धोका मोठा, आणि झाडाखाली बांधलेल्या जनावराला तो धोका चुकवता येत नाही. लोखंडी खांब, तारेचे कुंपण आणि पाण्याचा पंप यांच्याजवळही त्याला बांधू नये. घाबरलेला कुत्रा साखळीला गरगर फिरतो आणि गळ्याला फास बसतो, हा धोका आणखी वेगळा. मोकळा सोडून देणे हाही उपाय नव्हे. सैरावैरा धावणारा कुत्रा रस्त्यावर गाडीखाली येतो किंवा रानातल्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो.

घरातही जागेची निवड महत्त्वाची आहे. मराठवाड्यातले जुने माळवदाचे घर या बाबतीत उत्तम. त्याच्या जाडजूड मातीच्या भिंती आणि मातीचेच छत आवाज बराच अडवतात, आतल्या खोलीत विजेचा लखलखाटही पोहोचत नाही. पत्र्याच्या खोलीत नेमके उलटे होते. पाऊस आणि गारांच्या माऱ्याने कानठळ्या बसतात. माळवद किंवा स्लॅबची खोली असेल तर कुत्र्याला तिथे न्यावे. नसेल तर पत्र्यापासून दूर, जमिनीलगत आडोसा करावा. बाजेवरून दोन्ही बाजूंनी खाली येईल अशी जाड गोधडी टाकली आणि खाली पोते अंथरले की चांगली गुहा तयार होते. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, दिवा चालू ठेवावा म्हणजे विजेची चमक कमी जाणवते. पंखा, रेडिओ किंवा टीव्ही यांचा एकसुरी आवाज गडगडाटाची धार कमी करतो. वीज गेली तर मोबाइलवर एखादे संथ भजन लावले तरी चालते.

ही जागा कुत्र्याला स्वतः निवडू द्यावी. तो न्हाणीत जाऊन बसला तर तिथेच बसू द्यावे. त्याला ओढून बाहेर काढू नये आणि कोंडूनही ठेवू नये. आत-बाहेर करण्याची मोकळीक असली की तो लवकर शांत होतो.

कुत्रा जवळ आला तर त्याला जवळ घ्यावे. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले की तो आणखी भित्रा होतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली करामत नव्हे; आधार दिल्याने ती वाढत नाही. हळू आवाजात बोलावे, मानेपासून पाठीपर्यंत लांब, संथ हात फिरवावा. त्याला हात नको असेल तर नुसते शेजारी बसून राहावे. घरातल्या माणसांनी आपली कामे शांतपणे चालू ठेवावीत. ओरडणे, काठी उगारणे, फरशी घाण केली म्हणून मारणे यांमुळे मात्र नुकसानच होते, कारण मग आभाळाच्या भीतीत माणसाच्या भीतीची भर पडते.

कुत्रा खात असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच त्याच्यापुढे आवडीचा तुकडा टाकावा: उकडलेले अंडे, चिकनचा तुकडा, दुधात बुडवलेली भाकरी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग तुकडा. रोज न मिळणारी चीज या वेळेसाठी राखून ठेवावी. कांदा, द्राक्षे, मनुके आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. ते कधीही देऊ नयेत.

घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो, हे विसरू नये. लहान मुलांना त्याच्या लपण्याच्या जागेत हात घालू देऊ नये. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करावी.

वादळाची सूचना आधी मिळाली तर तयारीला वेळ मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते. ॲप नसेल तर साधा हिशेब करावा. वीज चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आभाळ भरण्याआधीच कुत्र्याला फिरवून आणावे, खाऊ घालावे आणि आत घ्यावे.

उघडिपीचे काम

वादळातले उपाय त्या वेळेपुरते असतात. भीती मुळातून कमी करायची तर कुत्र्याला कोरड्या दिवसांत शिकवावे लागते. पद्धत दोन गोष्टींची मिळून बनते: आवाजाची हळूहळू सवय करणे, आणि त्या आवाजाशी सुखाची गाठ घालणे.

दिवाळीचे फटाके संपले की सुरुवात करावी. मोबाइलवर गडगडाटाचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि शक्य असल्यास छोट्या स्पीकरला जोडावे. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक ठेवावा की कुत्र्याचा कान जरासा हलेल, पण त्याचे खाणे थांबणार नाही. आवाज ऐकू येताच खाऊ द्यावा. आवाज बंद केला की खाऊही बंद. पाच-दहा मिनिटांत सत्र संपवावे. काही दिवस त्याच पातळीवर काढल्यावर आवाज किंचित वाढवावा.

घाई हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. कुत्र्याने खाणे सोडले, धाप लागली, तो दाराकडे पाहू लागला की आवाज जास्त झाला असे समजावे आणि एक पायरी खाली यावे. एका दमात मोठा आवाज ऐकवून ‘सवय लावणे’ म्हणजे भीती पक्की करणे होय. कुत्रा ज्या पातळीवर निवांत राहतो, तीच त्या दिवसाची पातळी. काही कुत्र्यांना आठवडे लागतात, काहींना सगळा हिवाळा.

याच दिवसांत लपण्याच्या जागेचीही ओळख करून द्यावी. गोधडी टाकलेल्या बाजेखाली रोज खाऊ ठेवावा, तिथे झोपू द्यावे, म्हणजे ती जागा त्याच्या मनात आरामाशी जोडली जाते. ‘बस’ म्हटल्यावर अंथरुणावर अंग सैल सोडून पडून राहायलाही शिकवता येते. फटाक्यांच्या भीतीवर सव्वा हजाराच्या आसपास मालकांकडून माहिती घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आवाजाला खाऊची किंवा खेळाची जोड देणे आणि अंग सैल सोडायला शिकवणे या दोन्हींचा उपयोग झाल्याचे सत्तर टक्क्यांच्या आसपास मालकांनी सांगितले.

ध्वनिमुद्रणाला मर्यादा आहेत. त्यात वारा नसतो, वीज चमकत नाही, हवेचा दाब उतरत नाही. म्हणून शिकवलेल्या कुत्र्यालाही पहिल्या वळवाच्या वेळी आडोसा, माणूस आणि खाऊ लागतोच. वळवाचे दिवस सुरू झाले की शिकवणे थांबवावे. खऱ्या वादळाने घाबरलेल्या कुत्र्याला त्याच संध्याकाळी पुन्हा ध्वनिमुद्रण ऐकवू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दसऱ्या-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काहींचा कुत्रा बैलगाडीमागे फडापर्यंत जातो, काहींचा गावात म्हाताऱ्या माणसांपाशी राहतो. फडावरच्या कोपीत आवाज अडवायला भिंतच नसते. तिथे वादळाच्या वेळी कुत्र्याला कोपीत आपल्याजवळ घेणे आणि खाऊ देणे एवढे तरी करता येते. गावात मागे राहिलेल्या कुत्र्याला विजांच्या वेळी कोण सोडून आत घेणार, हे निघण्याआधी ठरवून जावे.

कपडा आणि औषधे

छातीभोवती अंगासरशी कपडा गुंडाळल्याने काही कुत्री शांत होतात. परदेशात यासाठी खास जाकिटे विकली जातात. त्यांच्यावरच्या अभ्यासांत परिणाम माफक दिसला असला, तरी अपाय नाही. जुना सुती टी-शर्ट किंवा ओढणी छातीवरून घेऊन पाठीवर बांधली तरी काम होते. श्वासाला अडथळा नसावा, कपडा ओला नसावा आणि कुत्र्याला तो आधी कोरड्या दिवसांत घालून सवय केलेली असावी.

भीती तीव्र असेल तर औषध हा शेवटचा उपाय मानून थांबू नये. औषधाने भीती खाली आली तरच कुत्रा शिकू शकतो. पशुवैद्य दोन प्रकारची औषधे देतात. एक, वादळाच्या आधी द्यायची, उदाहरणार्थ ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन किंवा अल्प्राझोलाम. दुसरी, रोज द्यायची, जसे फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ती वळवाच्या आधीच सुरू करावी लागतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात क्लोमिप्रामिन, अल्प्राझोलाम आणि वर सांगितलेले शिक्षण एकत्र वापरले, तेव्हा अभ्यास पूर्ण करणाऱ्या ३२ पैकी ३० कुत्र्यांमध्ये सुधारणा दिसली. हिरड्यांवर लावायच्या डेक्समेडेटोमिडीनच्या जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये खास आवाजाच्या भीतीसाठी मान्यता दिली.

यातले कोणतेही औषध घरातल्या माणसाच्या डब्यातून काढून देऊ नये. मात्रा कुत्र्याच्या वजनावर, यकृतावर आणि चालू असलेल्या इतर औषधांवर ठरते. कुत्र्याला नुसते गुंगवणारे औषधही पुरेसे नसते. एसप्रोमाझिनसारखे औषध एकटेच दिले तर शरीर ढिले पडते, पण भीती तशीच राहते. कुत्रा आतून घाबरलेला असतो आणि पळूही शकत नाही. जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये जवळची आहेत. दवाखान्यात जाताना वादळाच्या वेळचा कुत्र्याचा मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ सोबत न्यावा. शांत दिवशी तपासणीच्या टेबलावर उभ्या असलेल्या कुत्र्याकडे पाहून ही भीती ओळखता येत नाही.

गल्लीतली कुत्री

ज्यांना मालक नाही, त्यांनाही गडगडाट ऐकू येतो. गल्लीतले कुत्रे अशा वेळी ओसरीत, जिन्याखाली, उभ्या ट्रॅक्टरखाली शिरते. पाऊस थांबेपर्यंत त्याला हुसकू नये. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहावे. वादळानंतर अनोळखी कुत्रा दारात आला, तर तो शेजारच्या वस्तीवरचा हरवलेला असू शकतो. गळ्यात पट्टा दिसला तर चौकशी करावी. घरच्या कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेला असेल तर शोध सोपा होतो.

राखणीचा कुत्रा वर्षभर वस्ती सांभाळतो, रानडुकरांवर धावतो, रात्रीच्या अनोळखी पावलाला अडवतो. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्र्याला जागा देणाऱ्या या मुलखात त्याची भीती हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. या वर्षीची दिवाळी सरली की पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, चैत्रापर्यंत गोधडीची गुहा तयार ठेवावी, आणि आभाळ भरून आले की दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी कुत्र्याची साखळी सोडून त्याला घरात घ्यावे.